१०३ पायऱ्या आणि एक कंबर

कमरेच्या दुखण्यावर इलाज शोधत अख्खं पुणं पालथं घातलं. औषधं झाली, पट्टा झाला, मालीश झालं, ऑपरेशनची तारीखही ठरली. आणि शेवटी गाडी येऊन थांबली ती पर्वतीच्या पायथ्याशी!

सकाळचे सव्वासहा. नोव्हेंबरची थंडी. पर्वतीच्या पायथ्याशी मी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने कंबर धरून उभी. शेजारून एक सत्तरीचे आजोबा कानटोपी घालून, हात मागे बांधून टणाटण वर निघून गेले. पाठोपाठ कॉलेजची दोन पोरं पळत गेली. मग एक कुत्रा गेला. मी अजून पहिल्याच पायरीवर.

वय वर्षं ३४. हुद्दा, टीम लीड. आणि आजचं टार्गेट? ११ पायऱ्या. चढायच्या, उतरायच्या, घरी जायचं. बस्स!

हसू नका. त्याआधीच्या १४ महिन्यांत मी ज्या ज्या पायऱ्या चढले होते, त्या सगळ्या दवाखान्यांच्या होत्या.

खड्डा नंबर सतरा

सुरुवात अगदीच फालतू होती. गणपती नुकतेच गेले होते. सोमवार सकाळ. कॅब खाली येऊन हॉर्न वाजवत होती. मी घाईघाईत वाकून लॅपटॉपची बॅग उचलली आणि कमरेत सण्णकन कळ गेली. उसण भरली असेल, होईल दोन दिवसांत ठीक, असं म्हणून तशीच हिंजवडीला गेले. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, दोन महिने झाले. मग डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या. मग झोप गेली. मग हसणंही गेलं, कारण हसलं की दुखायचं. शिंकेबद्दल तर बोलायलाच नको.

कंबर दुखायला लागली की शहर बदलतं हो. तुम्हाला जो कर्वे रोड दिसतो, तो मला दिसतच नव्हता. मला दिसायचे फक्त स्पीडब्रेकर. घरापासून चांदणी चौकापर्यंतचा एकेक खड्डा मी नंबर देऊन ठेवला होता. सतरा नंबरच्या खड्ड्याच्या आधी मी दोन्ही हात सीटवर रोवून शरीर वर उचलून धरायची. ड्रायव्हरदादा आरशातून बघायचे आणि गाडी हळू करायचे. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

बालगंधर्वला नाटकाला गेले आणि अख्खा दुसरा अंक शेवटच्या रांगेमागे उभं राहून पाहिला. सहलीला 'नको' म्हणता म्हणता मित्रमैत्रिणींनी विचारणंच सोडून दिलं. ऑनसाइटची संधी आली तेव्हा आधी विचार मनात आला तो विमानात एवढे तास बसायचं कसं, हा! पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. माझी भाची तेव्हा दोन वर्षांची. दारात आले की धावत यायची आणि दोन्ही हात वर करायची. आणि मी मागे सरकायची. एक दिवस तिने हात वर केलेच नाहीत. तिच्या आईला सांगितलं, "मावशीला बाऊ आहे."

त्या रात्री मी खूप रडले. तेही सरळ पाठीवर पडून.

सल्ला, फुकट आणि घरपोच

पुण्यात पत्ता विचारला तर एक वेळ मिळणार नाही, पण सल्ला न मागताही मिळतो. जमिनीवर झोप. जमिनीवर अजिबात झोपू नकोस. शेकून बघ. बर्फ लाव. लसणाचं तेल चोळ. वाकू नकोस. वाकून व्यायाम कर. खुर्ची बदल. गादी बदल. नोकरी बदल. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं मत, "लग्न झालं की थांबेल गं आपोआप." (काकूंचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली. गुडघे थांबलेले नाहीत.)

मी सगळं केलं. लग्न सोडून.

पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, तीन आठवडे पडून राहा. राहिले. उठले तेव्हा जिना उतरताना पाय लटपटत होते. मग सर्जिकलच्या दुकानातून कमरेचा पट्टा आणला. तो ड्रेसवरून घालावा की आतून, या प्रश्नात एक आठवडा गेला. मग ट्रॅक्शन. म्हणजे पलंगावर आडवं करून वजनं लावून ओढतात. मग एकाने पेठेतल्या एका तालमीजवळच्या मालीशवाल्याचं नाव सांगितलं. 'दोन मिनिटांत मोकळं करतो' म्हणाले आणि खरंच कट्‌कन आवाज आला. दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी बेडवर. ते वाईट होते असं नाही. मीच बुडत्यासारखी दिसेल ती काडी पकडत होते.

शेवटी एमआरआय. त्या बोगद्यातली ठकठक संपली आणि रिपोर्ट हातात आला. एल-फोर एल-फाइव्हला बल्ज. डिस्क डेसिकेशन. डीजनरेटिव्ह बदल. वाचून वाटलं, हे माझ्या पाठीचं वर्णन आहे की पेठेतल्या पडायला आलेल्या वाड्याचं? बाहेर महापालिकेची 'धोकादायक इमारत' अशी पाटी लावायचीच काय ती बाकी होती. त्या दिवसापासून मी खरंच पडायला आलेल्या वाड्यासारखी वागायला लागले. जपून उठायचं, जपून बसायचं, कोणी धक्का देऊ नये म्हणून भिंतीकडेने चालायचं.

पुढच्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरली, दोन मिनिटं पाहिली आणि ऑपरेशन सुचवलं. तारीखही ठरली. वीस दिवसांनंतरची.

फोटो आणि माणूस

आई म्हणाली, "एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या." आयुष्यातला सगळ्यात चांगला सल्ला, आणि तो घरातच होता!

दुसरे डॉक्टरही मणक्याचे सर्जनच. केस पूर्ण पांढरे. त्यांनी फिल्मचं पाकीट घेतलं आणि न उघडता बाजूला ठेवलं. मला चवड्यांवर चालायला लावलं, मग टाचांवर. पाय सरळ वर उचलला. गुडघ्यावर, घोट्यावर हातोडी मारली. लघवीवर ताबा आहे का, मांड्यांमध्ये बसायच्या जागी बधिरपणा आहे का, ताप येतो का, वजन उगाच उतरलंय का, सकाळी उठल्यावर पाठ किती वेळ आखडलेली असते, सगळं विचारलं. झोप कशी आहे तेही विचारलं. मग फिल्म पाहिली आणि म्हणाले, "बाळ, मी फोटोचं ऑपरेशन करत नाही. माणसाचं करतो. तुझ्या पायात ताकद पूर्ण आहे. घाई नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वाचून काढलं. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात तिशीतल्या साधारण ५२ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ४० टक्क्यांना बल्ज होता. आणि दुखत काहीच नव्हतं! म्हणजे माझ्या रिपोर्टातले ते भयंकर शब्द शेजारच्या टेबलावर वडापाव खाणाऱ्या निम्म्या पब्लिकला लागू होते. डोक्यावर पांढरे केस येतात ना, तसंच काहीसं.

याचा अर्थ ऑपरेशन थोतांड असतं का? अजिबात नाही. आमच्याच मजल्यावरच्या एकाचं पाऊल एका संध्याकाळी उचलेचना. जिन्यात चप्पल अडकायला लागली. तो रात्रीच हॉस्पिटलला गेला, लगेच ऑपरेशन झालं आणि आज तो मजेत चालतोय. पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायची जागा बधिर होणं, यातलं काहीही दिसलं तर टेकडीबिकडी विसरा आणि थेट इमर्जन्सी गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरी डॉक्टरांकडे जायला उशीर नको. आणि चाळिशीच्या आत असाल, सकाळी पाठ अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल आणि हालचाल केल्यावर बरं वाटत असेल, तर एकदा संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. ते दुखणंच वेगळं आणि त्याची औषधंही वेगळी.

माझं यातलं काहीच नव्हतं. मला मिळाली एक चिठ्ठी, फिजिओथेरपिस्टच्या नावाची.

मांजर आणि कारचा अलार्म

फिजिओ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तिने मशीन लावलं नाही, शेक दिला नाही. नुसतं ऐकलं. चांगली पाऊण तास. मग म्हणाली, "ताई, तुमच्या सोसायटीत एखाद्या कारचा अलार्म उगाच वाजतो का हो?"

वाजतो ना! दुसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी. बॉनेटवर मांजर चढलं तरी अख्खी बिल्डिंग जागी होते.

"तुमची पाठ म्हणजे ती गाडी. पहिल्यांदा खरंच कोणीतरी काच फोडायला आलं होतं. आता मांजर आहे. पण अलार्म तेवढ्याच जोरात वाजतोय. दुखणं खोटं नाही. आवाज खराच आहे. फक्त दर वेळी चोर नसतो."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला 'सगळं तुझ्या मनात आहे' असंही म्हणालं नव्हतं आणि 'तुझा मणका गेला' असंही नाही.

उपाय काय? हळूहळू त्या गाडीला मांजराची सवय करायची. म्हणजे चालायचं, थोडे व्यायाम करायचे आणि रोज इवलंसं वाढवायचं. पट्टा लागणार नाही, म्हणाली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, माहिती देणं, मनाला आधार देणाऱ्या उपचारपद्धती यांची बाजू घेतली आहे आणि पट्टे, ट्रॅक्शन यांची शिफारस करू नये असं म्हटलंय. माझ्या कपाटातला सगळा खजिना त्या 'नको'च्या यादीत! आणि हो, मी एकटी नव्हते. याच संघटनेच्या आकड्यानुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती.

"पण कुठे चालू? फुटपाथवर तर गाड्या चालतात."

"तुम्हाला ऑफिसात मोजायची सवय आहे ना? मग मोजता येईल अशा ठिकाणी जा. पर्वती. १०३ पायऱ्या आहेत. नियम एकच. दुखेपर्यंत चढायचं नाही, ठरलेल्या आकड्यापर्यंत चढायचं. बरं वाटलं तरी पुढे नाही, दुखलं तरी शक्यतो आकडा पूर्ण."

आकडा ठरला. ११.

काशीबाईंचा पाय

पर्वतीच्या पायऱ्या रुंद आहेत, दगडी आहेत आणि भल्या पहाटेपासून तिथे वर्दळ असते. काही लोक फिरायला येतात, काही देवाला आणि काही गप्पा मारायला. चौथ्या की पाचव्या दिवशी ते कानटोपीवाले आजोबा माझ्या पायरीशी थांबले. "काय गं, रोज अर्ध्यातून परत जातेस?"

"अर्ध्यातून कुठे आजोबा, चौदाव्या पायरीवरून जाते."

मी सगळी कहाणी सांगितली. ते खो खो हसले. म्हणाले, "मग बरोब्बर जागी आलीस की! ही टेकडी कशामुळे उभी राहिली माहितीये का?"

मला वाटायचं तसं माहीत होतं. देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ मध्ये पूर्ण झालं. शाळेच्या सहलीत ऐकलं होतं. पण आजोबांनी सांगितलेली आख्यायिका सहलीत कुणी सांगितली नव्हती. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई. त्यांचा पाय दुखायचा. उपाय करून दमल्या. तेव्हा कुणीतरी सांगितलं, गावाबाहेरच्या टेकडीवरची देवी पावते. काशीबाईंनी नवस बोलला, पाय बरा झाला आणि लेकाने तिथे मंदिर उभारलं.

मी पायरीवर बसूनच राहिले. म्हणजे पुण्याची सगळ्यात लाडकी टेकडी एका बाईच्या दुखऱ्या पायावर उभी आहे! आणि त्या काशीबाईंनाही 'कुणीतरी' सल्ला दिला होता. लसणाचं तेल चोळून झालंच असणार आधी.

आजोबा मात्र पुढे म्हणाले, "पण ज्याने बांधली त्याला काही ती पावली नाही. पानिपतानंतर नानासाहेब खचले ते खचलेच. १७६१ मध्ये इथेच गेले." मग कानटोपी नीट करत उठले. "टेकडी कुणाला बरं करत नाही गं. चढतो तो थोडा बरा होतो, इतकंच."

"तुम्हाला काय होतंय आजोबा?"

"मला? सगळंच होतंय. म्हणून तर येतो."

चौसष्ट, मग तीस, मग एकशे तीन

जानेवारीत मी ६४ वर पोचले. ऑफिसातही दर अर्ध्या तासाने उठत होते. पाणी घ्यायला, फोनवर बोलायला, काहीच नसेल तर उगाच खिडकीशी. सरळ बसण्याचा अट्टहास सोडला. फिजिओच्या मते पाठीला त्रास होतो तो एकाच अवस्थेत तासन्‌तास राहण्याचा, मग ती अवस्था कितीही 'परफेक्ट' असो.

आणि एका रविवारी ब्रश करताना शिंक आली. सण्णकन तीच कळ. डाव्या पायात त्याच मुंग्या. मी बाथरूमच्या दाराला धरून उभी. डोळ्यांसमोर तो वाडा, ती पाटी. संपलं सगळं.

फिजिओला फोन केला. तिने आधी ते ताबा-ताकद-बधिरपणाचे प्रश्न विचारले. सगळ्याला 'नाही' आल्यावर म्हणाली, "मांजर चढलंय. दोन दिवस घरातल्या घरात चाला. मग पर्वती. ६४ नाही, ३०."

"पुन्हा ३०?"

"शून्यावर तर नाही ना?"

खरं सांगते, मी त्या वाक्याने बरी झाले. आधीच्या चौदा महिन्यांत दर वेळी दुखलं की मी शून्यावर जायची. पलंग, गोळी, पट्टा, रजा. यावेळी तीसवर गेले. चार दिवसांत ४०, तीन आठवड्यांत पुन्हा ६४.

मार्चमधल्या एका सकाळी १०३. वर पोचले तेव्हा घाम आला होता आणि पाय थरथरत होते, पण कंबर गप्प होती. खाली सारसबागेची हिरवळ, पलीकडे जागं होणारं स्वारगेट, लांब धुक्यात सिंहगड. चौतीस वर्षं याच शहरात राहिले आणि हे एवढं पुणं मला पहिल्यांदाच कळा मोजल्याशिवाय दिसलं. आजोबा कठड्यावर बसले होते. काही बोलले नाहीत. खिशातून एक लिमलेटची गोळी काढून दिली.

त्यानंतर वेताळ टेकडी सुरू झाली. शहरातली सगळ्यात उंच, साधारण ८०० मीटर. कोथरूडच्या बाजूने चढायचं, वर वेताळबाबाला हात जोडायचे, दगडाच्या जुन्या खाणीपाशी थांबायचं. नशीब असेल तर मोर दिसतो. हल्ली आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालते. हा आकडा उगाच नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर एक प्रयोग झाला, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांवर. ज्यांना हळूहळू अशाच चालण्यावर आणलं त्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी परतलं. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचं ११२ दिवसांनी. म्हणजे परत येऊ शकतंच. पण उशिरा येतं.

तर मंडळी, मी 'बरी' झाले का? सलग तीन मीटिंगा झाल्या की अजूनही कंबर कुरकुरते. ऑपरेशनची तारीख रद्द केली, ती पुन्हा घ्यावी लागली नाही. पण कधीच लागणार नाही असं मी लिहून देणार नाही.

गेल्या महिन्यात भाचीला पर्वतीवर नेलं. आता ती चार वर्षांची आहे. सत्तराव्या पायरीला तिने बसकण मारली. माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि दोन्ही हात वर केले.

मी गुडघ्यात वाकले, तिला छातीशी घेतलं आणि उठले. चौदा किलो. दहा पायऱ्या मोजल्या, मग खाली ठेवलं. कमरेत जरा चमकलं.

मांजर असेल. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जायचं असेल तर

पर्वती: स्वारगेटपासून रिक्षाने अगदी जवळ. पहाटे उजाडताना गर्दी कमी आणि हवा झकास. वर पेशवे संग्रहालय आहे, पण ते पहाटे उघडं नसतं, त्यासाठी दिवसा जा.

वेताळ टेकडी: लॉ कॉलेज रोड, गोखलेनगर, पाषाण, कोथरूड अशा कुठल्याही बाजूने चढता येतं. पहिल्यांदा जाताना सोबत घ्या, पाणी घ्या, अंधारात जाऊ नका.

बरोबर काय न्याल: पकड असलेले बूट आणि आधी ठरवलेला आकडा.

काय नेऊ नका: एमआरआयची फाइल.